पाळी जाण्याचा काळ आणि घरातील बाईचे ताट

आमच्या माहूर भागात सोयाबीनचे पीक मोठे. पोते भरले की ते थेट अडत्याकडे जाते. ज्या बाईने निंदणी केली, कापणी केली, तिच्या ताटात मात्र भाकरी आणि ठेचा. सगळ्यांचे झाल्यावर ती जेवायला बसते, तोवर वरणाचे पातेले रिकामे झालेले असते. दुसऱ्याला काय सांगावे, आमच्या घरीही बरीच वर्षे हेच चालले होते. चाळिशी ओलांडलेल्या माता-भगिनींना हे फार महागात पडते.

आपल्याकडे बहुतेक बायकांची पाळी 45 ते 50 च्या दरम्यान जाते. त्याआधी काही वर्षे ती मागेपुढे होते. अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घाम फुटतो, झोप उडते, चिडचिड होते, सांधे दुखतात. घरचे म्हणतात, "हिला हल्ली झालंय तरी काय?" हे सोंग नव्हे. अंडाशयातून तयार होणारे इस्ट्रोजेन कमी झाल्याचा तो परिणाम आहे. त्यामुळे हाडे ठिसूळ होऊ लागतात, अंगातली ताकद कमी होते.

अशा वेळी "पिशवी काढून टाका" हा सल्ला चटकन मिळतो. आपल्याच मराठवाड्यातील बीड जिल्ह्यात काय घडले ते आठवा. 2019 साली शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीतील 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यात तरुण बायकाही होत्या. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशये काढली, तर पाळी जाण्याचा सगळा त्रास एकदमच अंगावर येतो. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय शस्त्रक्रियेला होकार देऊ नये.

आता ताटाचा हिशेब मांडू. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार 50 किलो वजनाच्या बाईला रोज सुमारे 42 ग्रॅम प्रथिने लागतात. ज्वारीच्या नऊ भागांत भाजलेल्या सोयाबीनचा एक भाग घालून दळून आणावे. दिवसभरात असे 200 ग्रॅम पीठ पोटात गेले, तर सुमारे 25 ग्रॅम मिळतात. वाटीभर घट्ट वरणाचे 6, एका अंड्याचे 6, मूठभर शेंगदाण्यांचे 7. झाले 44! भाकरीबरोबर डाळ हवीच, कारण ज्वारीतील उणीव डाळ भरून काढते. सोयाबीन कच्चे खाऊ नये. मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

प्रथिनांनी गरम वाफा थांबतील असे नाही, पण अंगातली ताकद टिकेल. हाडांसाठी तीळ, नाचणी, दूध घ्यावे. वाफा येत असतील तर चहा कमी करावा, सुती कपडे वापरावेत. मिश्री, तंबाखू सोडावीच. त्रास फारच असेल तर त्यावर औषधे आहेत. सरकारी दवाखान्यात लाज न धरता सांगावे. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा अंगावर रक्त गेले, तर लगेच तपासून घ्यावे. ते कर्करोगाचे लक्षण असू शकते.

बांधवांनो, हिशेब तुमच्यासाठीही आहे. एका बाईला वर्षाला सात-आठ किलो सोयाबीन पुरते. येत्या सुगीला तेवढे अडत्याकडे जाऊ देऊ नका. आणि आज रात्री वरण वाढताना तिची वाटी आधी भरा.