वाइन आंबवताना उडणारा सुगंध कसा राखावा?

नाशिक भागात सोव्हिन्यों ब्लां, शेनिन ब्लां या वाइन द्राक्षांची लागवड होते. पांढऱ्या वाइनची प्रत बरीचशी सुगंधावर ठरते. बागेत मेहनतीने आणलेली प्रत आंबवण्याच्या टाकीतून हवेत जाऊ नये, यासाठी ही माहिती उपयोगी पडेल.

सुगंध का उडतो?

यीस्ट रसातील साखरेपासून अल्कोहोल व कार्बन डाय-ऑक्साइड वायू तयार करते. लिटरमागे २०० ग्रॅम साखर असलेल्या एक लिटर रसातून सुमारे ५० लिटर वायू बाहेर पडतो. याच वेळी केळ्यासारख्या वासाचे आयसोअमाइल ॲसिटेट, सफरचंद-अननसासारख्या वासाचे इथाइल हेक्झानोएट अशी एस्टर द्रव्येही तयार होतात. ती पाण्यात कमी विरघळतात व लवकर उडतात, त्यामुळे वायूबरोबर निघून जातात. टाकी जितकी गरम, तितके नुकसान अधिक. म्हणून पांढऱ्या वाइनसाठी तापमान १२ ते १८ अंश सेल्सिअस राखणे हा पहिला व सर्वांत स्वस्त उपाय आहे.

अधिशोषकांचा उपयोग

सच्छिद्र पदार्थाच्या पृष्ठभागावर एखादे द्रव्य धरून ठेवले जाते, त्यास अधिशोषण म्हणतात. नारळाच्या करवंटीचा सक्रिय कोळसा, जास्त सिलिका असलेले झिओलाइट व पॉलिस्टायरीन रेझिन हे असे पदार्थ होत. कोळसा सुगंध घट्ट धरतो, पण सहज सोडत नाही. रेझिनमधून तो अल्कोहोलने धुऊन काढणे सोपे जाते.

पद्धत

१) टाकीतून निघणारा वायू प्रथम थंड करावा. त्यातील बाष्पाचे पाणी होते. या पाण्यातही थोडा सुगंध असतो.
२) नंतर वायू अधिशोषकाचे दाणे भरलेल्या उभ्या नळकांड्यातून सोडावा.
३) दाणे संपृक्त झाल्यावर खाद्यप्रतीच्या अल्कोहोलने धुवावेत. सुगंधी अर्क मिळतो.

दक्षता

१) कोळसा थेट रसात टाकून सुगंध मिळत नाही. उलट असलेला सुगंध व रंगही कमी होतो.
२) नळकांडे तुंबल्यास टाकीत दाब वाढतो, म्हणून सुरक्षा झडप बसवावी.
३) कार्बन डाय-ऑक्साइड हवेपेक्षा जड असून जमिनीलगत साचतो. त्याला वास नसतो व तो प्राणघातक ठरतो. खोलीत हवा खेळती ठेवावी, टाकीत एकट्याने उतरू नये.
४) वाइननिर्मितीस उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. अर्क वाइनमध्ये मिसळण्यापूर्वी नियम पाहावेत.

या यंत्रणेचा खर्च एकट्या छोट्या उत्पादकास परवडणे कठीण आहे. तेव्हा आधी टाकी थंड ठेवण्याची सोय करावी आणि अधिशोषकाचा विचार गटाने, तज्ज्ञांच्या सल्ल्याने करावा.