जनक व्याकरणातील पदस्थानांतर आणि मराठी वाक्य

नोम चॉम्स्की यांच्या ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ (१९५७) या ग्रंथापासून विकसित झालेल्या जनक व्याकरणात, पद जेथे उच्चारले जाते तेथेच त्याचा अर्थ ठरतो असे गृहीत धरलेले नाही. एका स्थानी अर्थभूमिका स्वीकारून पद दुसऱ्या स्थानी जाते, यास पदस्थानांतर म्हणतात. अभ्यासक्रमातील उदाहरणे बहुधा इंग्रजी असतात. इंग्रजीत प्रश्नवाचक पद वाक्यारंभी येते. ‘तू काय पाहिलेस?’ यात ‘काय’ कर्माच्या जागीच राहते. झाडीबोली किंवा माडिया गोंडी घरी बोलून प्रमाण मराठीतून शिकणाऱ्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या विद्यार्थ्याने यावरून मराठीत स्थानांतर नाहीच असे मानले, तर दोष उदाहरणांचा आहे.

नामपदाचे स्थानांतर ‘वाघीण पकडली गेली’ या वाक्यात दाखविता येते : पकडण्याचे मूळ कर्म येथे कर्त्याच्या स्थानी येते असे विश्लेषण केले जाते. ‘वनरक्षकाने आपल्या गावात वाघीण पाहिली’ याची गोष्ट निराळी. क्रियापद वाघिणीशी जुळते, तरी ‘आपल्या’ हे पद वनरक्षकाकडेच निर्देश करते. कर्तेपण ढळलेले नाही. ‘कर्मणी प्रयोग’ या एकाच नावाखाली दोन्ही रचना शिकविल्याने बराच गोंधळ होतो.

मराठीचा पदक्रम सैल असला तरी अर्थनिरपेक्ष नाही. ‘प्रत्येक मुलाला त्याच्या आईने शाळेत पाठवले’ यात ज्याची त्याची आई असा अर्थ सहज लागतो. ‘त्याच्या आईने प्रत्येक मुलाला शाळेत पाठवले’ म्हणताच तो अर्थ दुरावतो व ‘त्याच्या’ कोणा तिसऱ्याकडे वळते. हिंदीतील अशाच रचनांची चिकित्सा अनूप महाजन यांनी १९९० च्या प्रबंधात केली आहे.

सर्वांत बोलका पुरावा प्रश्नवाक्यांत आहे. ‘कोण येईल असे तुला वाटते?’ हा सरळ प्रश्न होय. उपवाक्य ‘की’ लावून क्रियापदापुढे गेले की ‘तुला वाटते की कोण येईल?’ हे खटकते. ‘तुला काय वाटते, कोण येईल?’ असे म्हणावे लागते. येथील ‘काय’ला स्वतःचे उत्तर नाही. ‘कोण’चा प्रश्नार्थ मुख्य वाक्यापर्यंत पोहोचविणे एवढेच त्याचे काम. पद जागचे न हलताही त्याच्या अर्थव्याप्तीला सीमा असते, ती अशी.

क्रियापदाचे स्थानांतर क्रियापदान्त भाषेत कानाला सहसा कळत नाही. गोंडी ही द्राविडी भाषा असली तरी मराठीप्रमाणेच क्रियापदान्त आहे. मात्र ‘काय’ची ही कसोटी माडियात कशी लागते, हे भामरागड-एटापल्लीकडील भाषकांनाच विचारावे लागेल.