रिअॅक्टर म्हणजे एका वेटोळ्याचे रोहित्र नव्हे

नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी उतरवण्यात आली, नदीचा प्रवाह वळवण्यात आला आणि अतिउच्च दाबाच्या वीजवाहिन्या हलवून काही ठिकाणी जमिनीखाली नेण्यात आल्या, हे येथील रहिवाशांना ठाऊक आहे. परंतु हवेतील तारेपेक्षा भूमिगत केबलची धारकता कित्येक पटींनी अधिक असते, मध्यरात्री मागणी ओसरली की तीच वाहिनीचा दाब वर ढकलू लागते आणि तो आवरण्यासाठी शंट रिअॅक्टर बसवावा लागतो, हे फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. या यंत्राच्या खरेदीचा तांत्रिक तपशील लिहिताना एक समज वारंवार कानी पडतो, आणि तो ऐकून आता वीट आला आहे: रोहित्राचा जुना मसुदा दफ्तरातून काढावा, दुय्यम वेटोळ्याची कलमे गाळावीत, एमव्हीएच्या जागी एमव्हीएआर लिहावे, की काम झाले.

हे सर्वस्वी चूक आहे. रोहित्रावरील भार दिवसभर चढतो-उतरतो. शंट रिअॅक्टर मात्र जोडल्या क्षणापासून त्या वेळच्या दाबानुसार पूर्ण भार वाहतो, आणि म्हणून त्यातील एक किलोवॅट व्यय वर्षभर अखंड चालल्यास ८,७६० युनिटे गिळतो. ज्या निविदेत व्ययाचे मोल किमतीत धरलेले नाही, तिच्यातील सर्वांत स्वस्त यंत्र पुढे सर्वांत महाग पडू शकते. दाबाचा उल्लेखही मोघम चालत नाही, कारण क्षमता दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलते: ४२० किलोव्होल्टला ८० एमव्हीएआर असलेला रिअॅक्टर ४०० किलोव्होल्टला सुमारे ७२.६ एमव्हीएआरच शोषतो.

गाभ्याची गोष्ट याहून निराळी. त्यात मुद्दाम फटी ठेवलेल्या असतात, त्या फटींच्या दोहों बाजूंचे तुकडे सेकंदाला शंभर वेळा ओढले जातात, आणि तो हादरा टाकीपर्यंत पोहोचतो. तेव्हा कंपनाची मर्यादा (सामान्यतः शिखर ते शिखर २०० मायक्रॉन) आणि किती पट दाबापर्यंत प्रतिबाधा स्थिर राहावी, ही दोन कलमे रोहित्राच्या मसुद्यात सहसा सापडणार नाहीत. शंका असल्यास आयईसी ६००७६-६ उघडून पाहावे. रिअॅक्टरसाठी स्वतंत्र मानक केले गेले, ते उगाच नव्हे.

इतर समजांना एकेक वाक्य पुरे. ‘मोठा रिअॅक्टर केव्हाही चांगला’ हे खरे नाही, कारण निम्म्याहून अधिक भरपाई करणाऱ्या रिअॅक्टरसह केबल चालू केली तर प्रवाह काही काळ शून्यावर न येण्याची आणि सर्किट ब्रेकरला तो तोडता न येण्याची भीती असते. ‘लोखंडी गाभा हवाच’ हेही नव्हे. दोषप्रवाह रोखणाऱ्या रिअॅक्टरचा गाभा ऐन दोषाच्या वेळी संपृक्त झाला तर त्याचा धाक संपतो, म्हणून तेथे बहुधा हवाई गाभाच पत्करतात. आणि ‘हवाई गाभ्याला जागा थोडी लागते’ असे मानणाऱ्याने हे जाणावे, की त्याचे चुंबकीय क्षेत्र उघड्यावर पसरते आणि पायातील सळयांची किंवा कुंपणाची बंद कडी त्यात तापते; सबब चुंबकीय अंतराचा नकाशा पुरवठादाराकडून निविदेसोबतच मागवावा, पाया ओतून झाल्यावर नव्हे.