कॉमन मॅन गप्प, पण त्याची बायको?

मैत्रिणींनो, बजेटच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या घरात पेपर कसा वाचला जातो? आकड्यांची पानं पुरुषमंडळींकडे आणि 'काय महाग, काय स्वस्त' ही चौकट तेवढी आपल्याकडे, असंच ना? मला मात्र बजेट कळायला लागलं ते जुन्या व्यंगचित्रांमुळे.

आमच्या मुदखेडच्या घरी सासऱ्यांनी जपलेली कात्रणांची एक वही आहे. तिच्यात सर्वात जास्त चित्रं आर. के. लक्ष्मण यांची. चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा आणि डोक्यावर उरलेले चार केस असा त्यांचा 'कॉमन मॅन'. १९५१ पासून पन्नासहून अधिक वर्षं तो 'टाइम्स ऑफ इंडिया'त भेटत राहिला. मंत्र्यांचे परदेश दौरे, फायलींचे ढीग, रस्त्यातले खड्डे आणि वरून नवा कर! हा बिचारा सगळं बघतो, बोलत काही नाही.

तसे चिमटे काढणारे लक्ष्मण एकटे नव्हते. दिल्लीत शंकर यांनी १९४८ मध्ये 'शंकर्स वीकली' काढलं, तर मुंबईत बाळासाहेब ठाकरे यांनी १९६० मध्ये 'मार्मिक'. सत्तेवरच्यांची उधळपट्टी सांगायला लांबलचक लेख लागतो, पण एका चित्रात ती शाळा न शिकलेल्या बाईलाही कळते. आमच्या सासूबाईंना वाचता येत नव्हतं. चित्र बघून त्या म्हणायच्या, "आपल्याकडून घेतेत, अन् यांच्या गाड्यांत घालतेत." अर्थशास्त्र याहून वेगळं ते काय?

या चित्रांतली आणखी एक गंमत सांगते. कॉमन मॅन गप्प असतो, पण त्याची बायको तशी नाही. ती बोलते! आणि का बोलणार नाही? महिन्याचा किराणा तीच भरते. साबणावर, तेलावर कर बसला की पहिला चटका तिलाच बसतो.

बोलण्याने फरकही पडतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा सॅनिटरी पॅडवर १२ टक्के कर होता. देशभरातल्या बायकांनी त्यावर आवाज उठवला आणि जुलै २०१८ मध्ये तो कर काढून टाकण्यात आला. २०१९ मध्ये निर्मला सीतारामन यांनी बजेटची ब्रीफकेस बाजूला ठेवून लाल कापडातलं वहीखातं आणलं, तेव्हा मला तर आपल्या घरातली हिशेबाची वहीच आठवली. घरात दहा रुपये कुठे गेले ते आपण विचारतोच की. मग गावाचे कुठे गेले, ते का नाही विचारायचं?

घरपट्टी, नळपट्टी आपण भरतो. नाली तुंबलेली, दिवा बंद, तरी पावती घेऊन गप्प घरी येतो. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने साध्या कागदावर अर्ज करता येतो. फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या बायकांना तीही नाही. उत्तर साधारणपणे तीस दिवसांत मिळायला हवं. आमच्या गल्लीतल्या दोघीतिघींनी मिळून नालीच्या खर्चाचा असा अर्ज लिहायचं ठरवलंय. अक्षर माझं, सह्या सगळ्यांच्या.

व्यंगचित्र बघून हसा, पोटभर हसा. पण हसून झालं की पावती हातात घ्या आणि विचारा, "बाबांनो, आमचे पैसे कुठं गेले?"