मुलांच्या पायांतील तूट

धान्याच्या व्यापाऱ्यास तुटीचे दोन प्रकार ठाऊक असतात. पोते फाटून पाच किलो सांडले, तर ती तूट तेवढीच राहते. दुसरी तूट क्विंटलामागे असते. माल वाढेल तशी तीही वाढते. मुलाचा एक पाय आखूड दिसल्यास त्याची तूट यांपैकी कोणती, हे आईबापांनी वेळीच विचारून घ्यावे, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत. ‘मोठेपणी आपोआप भरून निघेल’ या समजुतीपायी पुष्कळ घरांत मोलाची वर्षे वाया जातात.

जन्मजात तूट बहुधा दुसऱ्या प्रकारची असते. दोन्ही पाय वाढतात, पण त्यांचे परस्परप्रमाण तेच राहते. मुलीचा पाय सुमारे तिसऱ्या आणि मुलाचा सुमारे चौथ्या वर्षी अंतिम लांबीच्या निम्म्यास पोहोचतो. म्हणजे त्या वयातील २ सेंटिमीटरांचा फरक वाढ संपताना सुमारे ४ होतो. गुडघ्याजवळील वाढीची कूर्चा दुखावून बंद पडल्यास हिशेब अधिकच कठीण. मांडीचे हाड त्या टोकाशी वर्षाला सुमारे १ सेंटिमीटर वाढते. तेवढी बाकी दरसाल साचते. उलट, लहानपणी मोडलेले मांडीचे हाड जुळल्यावर एक-दोन वर्षे किंचित अधिक वाढते आणि मग तो फरक बहुधा तेथेच थांबतो.

वाढ संपताना उरणारा फरक २ सेंटिमीटरांच्या आत असेल, तर जोड्यात उंचवटा पुरतो. पुष्कळांना तोही लागत नाही. २ ते ५ सेंटिमीटरांच्या फरकास लांब पायाची वाढ छोट्या शस्त्रक्रियेने थांबवितात व आखूड पाय त्यास गाठतो. मात्र मुलींची वाढ साधारण १४व्या, मुलांची १६व्या वर्षी सरते. हा उपाय त्यापूर्वीचाच. मोठ्या फरकासाठी सोव्हिएत रशियातील कुर्गान येथील डॉ. इलिझारोव्ह यांनी १९५०च्या दशकात पुढे आणलेली हाड लांबविण्याची रीत आहे. तीत दिवसाला १ मिलिमीटर लांबी मिळते आणि नवे हाड पक्के होण्यास कित्येक महिने लागतात.

मुलीचे लंगडणे लग्नापर्यंत झाकून ठेवणाऱ्या घरांत सोपा मार्ग अशा रीतीने हातचा जातो. सभासद बंधुभगिनींस आमची विनंती आहे की, शंका येताच अस्थितज्ज्ञाकडे जावे, ते सांगतील तसे सहा महिन्यांनी वा वर्षाने माप घ्यावे आणि तारखेसह वहीत मांडून ठेवावे. उपायाची वेळ त्या नोंदींवरूनच ठरते.