सलाईनची बाटली कोणी बदलायची?

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईच्या सासूबाई दवाखान्यात होत्या. रात्री सलाईन संपत आलं. सिस्टर दोन वॉर्ड सांभाळत होत्या, म्हणून आम्ही मावशींना हाक मारली आणि मावशींनी दुसरी बाटली लावली. पहाटे बघतो तर हात कोपरापर्यंत सुजलेला. सुई शिरेतून सरकली होती आणि पाणी मांसात उतरत होतं. सासूबाई बऱ्या झाल्या. पण दोष एकट्या मावशींना कसा द्यायचा? हाक आम्हीच मारली होती. म्हणून आज बोलूया, दवाखान्यात कोणतं काम कोणाचं.

आपण सगळ्यांनाच सिस्टर म्हणतो, पण शिक्षण वेगवेगळं असतं. एएनएम हा 2 वर्षांचा अभ्यासक्रम. उपकेंद्रातल्या आरोग्यसेविका तो शिकलेल्या असतात. जीएनएम 3 वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंग 4 वर्षांचा. कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी वॉर्ड बघणाऱ्या अधिपरिचारिका हे शिकून येतात. या सगळ्यांची नोंद महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे होते. मावशी आणि वॉर्डबॉय यांची तशी नोंद नसते.

वॉर्डमधलं सगळं काम एकटी सिस्टर करू शकत नाही. अंग पुसणं, कूस बदलणं, चादर बदलणं, भरवणं ही कामं ती मावशींवर सोपवते. पण शिरेतून औषध देणं, रक्त चढवणं, पेशंटची तब्येत बिघडतेय का हे ठरवणं, ही कामं खाली सोपवायची नसतात. आणि जे सोपवलं, त्यावरही तिची नजर लागते. आपल्या गटात अध्यक्ष एखादीला बँकेत पैसे भरायला पाठवते, पण परत आल्यावर स्लिप बघते ना? पैसे कमी भरले गेले तर गटाला उत्तर अध्यक्षच देते. वॉर्डातही तसंच.

मग कमी शिकलेल्या बाईने मोठं काम करूच नये का? असं नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1995 पासून 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. त्या गावांत हजारामागे 62 नवजात बाळं दगावत होती. तो आकडा तीन वर्षांत 25 वर आला. पण आधी पक्कं शिक्षण होतं, आणि केलेलं काम तपासायला माणूस येत होता. फरक तिथेच पडला.

आपली आशाताई घरी येते ती याच वाटेने. दवाखान्यात बाळंतपण झालं तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी ती येते. बाळाचं वजन करते, ताप बघते, नाळ बघते, अंगावर पाजताना बाळ नीट ओढतं का ते बघते. लस मात्र आरोग्यसेविका देते. आशाताईला "तूच सुई टोच" म्हणू नका.

बाळ दूध ओढत नसेल, अंग गार किंवा तापलेलं लागत असेल, छाती आत ओढली जात असेल, नाळेतून पू येत असेल, तर आशाताईच्या पुढच्या फेरीची वाट बघू नका. लगेच 108 ला फोन करा. डोंगरावरच्या वाडीवर पावसात गाडी पोचायला वेळ लागतो, म्हणून फोन आधी, बाकीचं मागून.

दवाखान्यात असाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. सलाईन किंवा इंजेक्शन कोण देणार? रात्री काही झालं तर हाक कोणाला मारायची? सुईच्या जागी सूज आली किंवा दुखलं तर काय करायचं? विचारताना संकोच नको, आवाजही चढवायला नको. "ताई, सिस्टरना बोलावता का?" एवढं पुरे. मावशींनाही त्याने बरंच वाटतं; जे शिकवलं नाही ते करायची पाळी त्यांच्यावर येत नाही.

या महिन्याच्या बैठकीत आशाताई आणि आरोग्यसेविका दोघींना बोलवा. त्यांचे नंबर आणि कामं गटाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून घ्या. आम्ही आमच्या वहीत त्या पावसाळ्यानंतर लिहिली. आधी लिहायला हवी होती.