डोकी नव्हे, जोड्या मोजा

वर्गाची हजेरी डोकी मोजून होते. रानाची तशी होत नाही. लांडग्यांच्या कळपात बहुधा एकाच जोडीला पिल्ले होतात. पुढील संख्येचे गणित तिच्यावरच मांडावे लागते.

टौरंगा व रोटोरुआ यांमधील काहारोआच्या जंगलात कोकाको पक्ष्याचेही तसेच. उंदीर, पोसम व स्टोट अंडी-पिल्ले खात, घरट्यावरची मादीही मारीत. दीर्घायुषी नर मागे उरत. रान भरलेले दिसे, पण वंश खुंटत चालला होता. १९८९ ते १९९७ या काळात संशोधकांनी काहारोआ, रोटोएहू व मापारा येथे या शत्रूंना आवर घालून पाहिला, तेव्हा पिल्ले जगू लागली. १९९९ मध्ये देशभरात सुमारे ३३० जोड्या होत्या. आता दोन हजारांहून अधिक आहेत.

दख्खनच्या माळावरील लांडग्यांविषयीही हेच विचारावे : किती उरले, त्यापेक्षा किती संसार नांदते आहेत?